तीन मिनिटांची हातघाई

४ फेब्रुवारी

मास्तर म्हणाले, हरलेला प्रत्येक डाव वहीत लिहून ठेव, जिंकलेला विसरून जा. मास्तर म्हणजे आमच्या ऑनलाइन बुद्धिबळ संघाचे कप्तान, गणिताचे निवृत्त शिक्षक. प्रत्यक्षात एकदाच भेटलोय त्यांना, पण फोनवर रोज ओरडा खातो.

तर वही घेतली. आज शनिवारच्या स्पर्धेत नऊ डाव खेळलो, चार हरलो. चारही तीन मिनिटांचे. म्हणजे पूर्ण डावासाठी ज्याला त्याला तीनच मिनिटं. ती संपली की पटावर तुमची अख्खी फौज उभी असली तरी तुम्ही हरलात.

माझं खेळातलं नाव 'टिचकी'. समोरच्याची चाल पडायच्या आत माझं उत्तर लावून ठेवलेलं असतं. हत्ती गेला तर गेला, राजा उघडा पडला तर पडला. त्याच्याकडे चार सेकंद उरली आणि माझ्याकडे नऊ, की डाव माझा. चार वर्षं माझं रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा, तेवीसशेच्या आसपास घुटमळतंय. त्या आकड्यात बुद्धी किती आणि बोटं किती, हे विचारू नये.

आजचे चारही डाव माऊसमुळे गेले. वजीर न्यायचा होता राजाच्या तोंडाशी, पडला एक घर अलीकडे आणि तिथं त्याला प्याद्यानं खाल्लं. सहा वर्षं जुना माऊस आहे, दुसरं काय होणार?

७ फेब्रुवारी

नवा माऊस आणला. हलका, सुळसुळीत.

लेकीचा फोन होता. ती शिकायला दुसऱ्या गावी असते. म्हणाली, "बाबा, आवाज असा काय खोल गेलाय? तोंड फोनजवळ आणा." फोनच जुना झालाय तोही.

११ फेब्रुवारी

सात हरलो. नव्या माऊसनं. घोडा उचलला आणि दोनदा टिचकी पडली, भलतीकडेच जाऊन बसला. इंटरनेटवाल्याला बोलावून वायर बदलून घेतली. वायर चांगली होती असं तो म्हणाला. त्याला काय, तो बुद्धिबळ खेळत नाही.

मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

या वहीच्या रेघा जवळजवळ आहेत म्हणून की काय, अक्षर फार बारीक येतंय. बरंच आहे, वही पुरेल.

१५ फेब्रुवारी

मी कवळ्या बनवतो. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा साचा करतो, साच्यावर मेण आणि मेणात एकेक दात. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मी तेवीस वर्षं तेच करून भरतोय.

आज एक खालची कवळी परत आली. उजवीकडचे दोन दात तिरके. आमच्या लॅबच्या साहेबांनी ती टेबलावर माझ्यासमोर ठेवली आणि उभे राहिले. मी म्हटलं, माप चुकीचं आलं असेल. ते म्हणाले, "असेल." मग म्हणाले, "काय म्हणालात? मोठ्यानं बोला जरा हल्ली." मशीनचा आवाज केवढा असतो तिथं, आणि मी मोठ्यानं बोलायचं!

उजवा खांदा आखडलाय. दुपारच्या सुट्टीत डाव लावला नाही. डबा उघडायलाच वेळ लागला.

१६ फेब्रुवारी

बायको लेकीच्या खोलीत झोपायला गेली. म्हणते, तुम्ही झोपेत लाथा मारता, परवा माझा दंड काळानिळा झाला. मी कधी माशी मारली नाही. तिला रुसायला कारण हवंय, ते काय आहे ते कळत नाही. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर लोकांचं ऐकून ऐकून कंटाळत असेल.

१९ फेब्रुवारी

मास्तरांनी माझे साठ डाव काढून तपासले. माणसाला निवृत्ती देऊ नये.

"साठातले चौतीस तू जिंकलास," ते म्हणाले. "त्यातले एकवीस हरलेल्या स्थितीत, घड्याळावर. याला बुद्धिबळ म्हणतात की पाकीटमारी?"

"जिंकलो ना पण?"

"जिंकत होतास. आता तेही जमत नाहीये. अरे, तू पळतोस म्हणून समोरचा पळतो. तू चालायला लाग. बघ त्याचं काय होतं."

मग तासभर सांगत होते. सुरुवातीच्या चाली ठरलेल्या ठेव, त्यात डोकं घालू नकोस. विचार त्याच्या वेळेत कर. जिथं दहा चाली लागतील तिथं तीन लागतील असा रस्ता शोध. आणि प्रत्येक चालीनं त्याला एक प्रश्न विचार. त्याला बसू दे डोकं खाजवत.

मी म्हटलं, बरं. मनात म्हटलं, माझ्या हातातला वेग काढून घेतला तर उरतं काय?

१ मार्च

थकलो. डाव नाही.

५ मार्च

मास्तरांचं चालतंय. लिहायला लाज वाटते, पण चालतंय.

एक युक्ती मी स्वतः काढली. समोरच्याची पाळी असताना उजवा हात मांडीखाली दाबून ठेवतो. त्यामुळे हात घाई करत नाही, गप्प राहतो. त्याची चाल झाली की बघायचं, ठरवायचं आणि मगच हात बाहेर काढायचा. चालही एकदाच, उचलायची आणि ठेवायची. काल आठ डावांत सहा जिंकलो आणि त्यातला एकही घड्याळावर नाही. एका डावात तर समोरच्यानं माझ्या साध्या उंटाच्या चालीवर बावन्न सेकंद घालवली. बावन्न! मी तोवर मांडीवर बसून होतो, म्हणजे हातावर.

इतकी वर्षं पटावर काय चाललंय हे मला दिसतच नव्हतं बहुतेक. गाडीतून जाणाऱ्याला गाव दिसतं तेवढंच दिसायचं.

११ मार्च

आज दूध उतू जाऊन करपलं. मी तिथंच, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत डाव खेळत होतो. बायको बाहेरून आली ती दारातूनच ओरडली, "अहो, घरभर धूर झालाय, वास येत नाही का?"

"खेळात होतो."

तिनं जाऊन गॅस बंद केला. पातेलं घासून झाल्यावर माझ्यापुढे येऊन बसली आणि मूठ नाकाजवळ धरली. "सांगा कशाचा वास आहे."

"हे काय आता?"

"सांगा ना."

"कशाचाही नाही."

तिनं मूठ उघडली. लवंगा होत्या. मी म्हटलं, सर्दी झालीय. ती हो म्हणाली आणि उठून गेली. एवढ्या पातेल्यावरून इतका तमाशा कशाला करायचा?

१२ मार्च

आता नवीनच. मला म्हणते, सामानाची यादी लिहून द्या. यादी कायम तीच लिहिते. मी लिहिली, तर चष्मा लावून बघत बसली. म्हटलं, वाचता येत नाही का? म्हणाली, "येतं. किती बारीक लिहिलंय." नंतर कपाटाशी उभी दिसली. लेक लहान असताना मी बाहेरगावी प्रशिक्षणाला गेलो होतो, तेव्हाची माझी पत्रं काढून बसली होती. रुसवा गेला म्हणायचा. पत्रं काढलीत म्हणजे आठवण येत असणार. मला बरं वाटलं.

१८ मार्च

चोवीसशे तीन.

पुन्हा लिहितो, अक्षरात: चोवीसशे तीन. आयुष्यात पहिल्यांदा. मास्तरांनी फोन केला आणि दोन मिनिटं नुसते हसत होते. म्हणाले, "शेवटचा डाव मी तीनदा पाहिला. हत्तीचा बळी दिलास तो कशावरून?" मी म्हटलं, दिसला. म्हणाले, "एकोणपन्नास वर्षांचा घोडा, आता कुठं दिसायला लागलं!"

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अरे वा." मग माझ्याकडे बघत राहिली. "आनंद झाला नाही का तुम्हाला?"

"झालाय की."

"मग चेहऱ्यावर तरी दिसू दे."

दिसत नाही म्हणे. हसू आलं की हसतोच मी. तिचेच डोळे भरून आले होते. हिला आताशा काय होतं, देव जाणे.

एक एप्रिलला लीगचा अंतिम सामना. आमच्यासमोर जो संघ आहे त्यांच्याकडून दुसऱ्या पटावर, म्हणजे माझ्यासमोर, 'पोस्टमन' असतो. खरं नाव माहीत नाही. सहा वर्षांत मी त्याला तीन वेळा हरवलंय, तिन्ही वेळा घड्याळावर, आणि प्रत्येक वेळी तो खाली लिहितो, "धन्यवाद, छान पळालात."

२३ मार्च

साहेबांनी मला दात बसवण्यावरून काढून साचे ओतायला घेतलं. म्हणाले, तिथं अनुभवी माणूस हवाय, पोरं बुडबुडे सोडतात प्लास्टरमध्ये. खरंच आहे ते, सोडतात.

साचे ओतायला मी तेवीस वर्षांपूर्वी लागलो होतो.

दुपारी माझ्या जुन्या टेबलावर दुसरं कोणी बसलं होतं. माझा दिवा त्यानं स्वतःच्या उंचीला वाकवून घेतला होता. घरी सांगितलं नाही. थकवा फार. प्लास्टरची बादली हलवून हात दुखतो, तोच थरथरतो मग बसल्यावर. कोणाचाही थरथरेल.

२७ मार्च

बायकोनं माझ्या खांद्यासाठी मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली, चार एप्रिलची. खांद्याला मेंदूचा डॉक्टर कशाला, विचारलं. म्हणाली, "नसा असतात ना खांद्यात." एक तारखेचा सामना होऊन जाऊ दे, मग कुठंही ने, असं म्हटलं. ती म्हणाली, "म्हणूनच चार घेतली."

एरवी हिला लीग म्हणजे काय ते माहीत नाही.

१ एप्रिल

सगळं नीट लिहून ठेवायचं आहे, म्हणून हळूहळू लिहितो.

सामना दुपारी चारला. चार पट, प्रत्येकी एक डाव. पहिला पट मास्तरांचा, ते बरोबरीत सुटले. तिसरा आम्ही जिंकला, चौथा हरलो. दीड-दीड. उरलो मी आणि पोस्टमन. सगळे आमचाच डाव बघत बसलेले.

मी इतका चांगला कधी खेळलो नाही. मास्तरांच्या सांगण्यावरून नाही, आपोआप. तिसाव्या चालीला माझ्याकडे एक प्यादं जास्त, चाळिसाव्याला दोन. त्याचा हत्ती माझ्या प्याद्यांच्या मागे मागे धावत होता. मी हात मांडीखालून काढायचा, ठेवायची चाल, पुन्हा हात आत. मला पुढचं सगळं दिसत होतं, अगदी स्वच्छ. माझं प्यादं सातव्या घरात पोहोचलं. पुढच्या घरात टाकलं की वजीर. मग तो डाव सोडणार. माझ्याकडे नऊ सेकंद होती.

नऊ सेकंदांत मी पूर्वी वीस चाली खेळायचो.

प्यादं उचललं. शेवटच्या घरात सोडलं. ते परत आपल्या जागी येऊन बसलं. बोट उठलंच नव्हतं वेळेवर, घराच्या बाहेर कुठंतरी सुटलं. पुन्हा उचललं. हात असा हलत होता की प्यादं पडद्यावर माशीसारखं फिरत होतं. पुन्हा परत. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. चार सेकंद. तीन. प्यादं आठव्या घराच्या रेषेवर होतं, मला दिसत होतं, आणि मी बोटाला सांगत होतो, सोड. बोट सोडेना.

शून्य.

बरोबरीचं बटण दाबलं असतं तरी त्यानं बरोबरी दिली असती. तेही सुचलं नाही, की सुचलं आणि तिथवर पोहोचता आलं नाही, आठवत नाही.

मग पोस्टमननं लिहिलं: "माऊस?"

मी 'हो' लिहायला घेतलं. ते पुसलं. दोन अक्षरं लिहायला किती वेळ लागला कोण जाणे. लिहिलं: "हात."

त्याचं उत्तर आलं, "दाखवून घ्या. अभिनंदन या वेळी नको. डाव तुमचा होता."

मास्तरांचा फोन वाजत होता. घेतला नाही.

४ एप्रिल

डॉक्टर तरुण बाई. खांद्याला हातही लावला नाही. म्हणाल्या, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटा, भराभर. डाव्यानं आपटली. उजव्यानं चार वेळा जमलं, पाचव्याला बोटं हवेतच थांबली. बाहेरच्या बोळातून चालून दाखवायला सांगितलं. परत आलो तर म्हणाल्या, "उजवा हात हलत नाही चालताना, लक्षात आलंय का?" चालताना हाताकडे कोण बघतं?

मग विचारलं, "कधीपासून आहे हे?"

मी म्हटलं, "झाले असतील दोन महिने. माऊस बदलल्यापासून."

बायकोनं पर्समधून एक छोटं पॅड काढलं, औषध कंपन्या दुकानात फुकट वाटतात तसलं. वाचायला लागली. तारखा होत्या. गेल्या वर्षीच्या जूनपासूनच्या. वास येत नाही. शर्टाचं वरचं बटण मी लावून दिलं. झोपेत ओरडले. अक्षर. हसत नाहीत. वाचताना तिचा आवाज अगदी काउंटरवरच्यासारखा होता, दोन सकाळी, एक संध्याकाळी. डॉक्टरबाई लिहून घेत होत्या. मी मधे बसून माझ्याबद्दल ऐकत होतो.

कंपवात. पार्किन्सन्स. बरा होत नाही, पण गोळीनं हात बराच सुटेल, काम करता येईल, चालत राहा, व्यायाम करा. सगळं समजलं. मी एकच विचारलं, मी तीन मिनिटांचं बुद्धिबळ खेळतो, दोन महिन्यांत माझा खेळ सुधारलाय. हात मंदावला म्हणून तर नाही ना सुधारला?

त्या म्हणाल्या, "ते मला नाही सांगता यायचं. हात मंदावलेले बरेच येतात माझ्याकडे. बुद्धिबळ सुधारलेले तुम्ही पहिलेच."

बायको हसली. मीही हसलो. दिसलं की नाही माहीत नाही.

५ एप्रिल

सकाळी तिला विचारलं. "जूनपासून माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. वाटत होतं. दुकानात रोज त्या गोळ्या देते ना मी. घ्यायला येतात ती माणसं बघते."

"मग बोलली का नाहीस?"

ती चहा गाळत होती. पूर्ण गाळून झाल्यावर म्हणाली, "आधी वाटलं, बोलले की खरं होईल. मग फेब्रुवारीत ठरवलं की आता न्यायचंच. तेवढ्यात तुमचं ते चोवीसशेचं सुरू झालं. रोज येऊन सांगायचात, आज हा डाव असा, तो तसा. इतक्या वर्षांत तुम्ही मला एक डाव सांगितला नव्हता. म्हटलं, होऊ दे तेवढं. एक तारीख होऊ दे." मग म्हणाली, "सहा आठवडे घालवले मी. ते माझ्यावर."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. सहा आठवड्यांनी काही बिघडत नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, हे तरी. मी कप उचलला तर चहा बशीत सांडला. तिनं बशी ओढली, चहा कपात ओतला आणि कप अर्धाच भरलेला माझ्यापुढे ठेवला. तेव्हा लक्षात आलं, ती कितीतरी दिवस मला अर्धाच कप देतेय. मला वाटायचं, दूध कमी येतं.

८ एप्रिल

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "वाटलंच होतं." म्हणजे सगळ्यांना वाटतच होतं. मी एकटाच इंटरनेटवाल्याशी भांडत होतो. साचे मीच ओतायचे, आणि नव्या मुलांनी बसवलेले दात तपासून द्यायचे, असं ठरलं. डोळे तर शाबूत आहेत. मला राग आला नाही. येईल बहुतेक नंतर, सध्या ताकद नाही.

लेकीला फोन बायकोनं लावला आणि माझ्या हातात दिला. मी सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मोठ्यानं बोला ना." मी मोठ्यानं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं.

१३ एप्रिल

मास्तर स्वतः घरी आले. दोन बस बदलून. मी संघातून नाव काढायला सांगितलं. ते म्हणाले, "काढतो." मला वाटलं होतं, नको म्हणतील. मग म्हणाले, "तीन मिनिटांच्या संघातून. पंधरा मिनिटांची एक लीग असते, म्हाताऱ्यांची. तिथं तू आलास तर सगळ्यात तरुण."

"आणि हरलो तर?"

"हरशीलच. पंधरा मिनिटांत लोक विचार करतात. तुला सवय कुठं आहे!"

जाताना दाराशी थांबले. चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाकीटमारी म्हणालो होतो. तेव्हा मला..." आणि चपलेत पाय सारत राहिले. मी म्हटलं, "पाकीटमारीच होती, मास्तर." ते गेल्यावर बराच वेळ दार उघडंच होतं.

१६ एप्रिल

गोळीचा बारावा दिवस. सकाळी शर्टाची बटणं पाचही मी लावली. वीस मिनिटं लागली असतील. मळमळतं मात्र.

संध्याकाळी पाचला पंधरा मिनिटांचा डाव लावला. समोर कोणी अनोळखी. सहाव्या चालीलाच अडलो. पूर्वी इथं हात आपला आपण चालला असता. आता हात मांडीवर नुसता पडून होता, थोडा हलत. मी पटाकडे बघत राहिलो.

बायको दुकानातून आली. पिशवी ठेवली, माझ्या मागे उभी राहिली. एकवीस वर्षांच्या संसारात ती माझा डाव बघायला कधी थांबली नव्हती. थांबेपर्यंत तो संपलेला असायचा.

"तुमची पाळी आहे ना?"

"हो."

"मग?"

"विचार करतोय."

तिनं स्टूल ओढून घेतलं. थोड्या वेळानं विचारलं, "ते आकडे म्हणजे वेळ ना? किती उरलीय?"

"अकरा मिनिटं."

"मग आहे की पुष्कळ," ती म्हणाली, आणि पिशवीतून चष्मा काढून नीट बसली.